सण झाल्यावर जाऊ

माझी बायको पाडव्याच्या सकाळी घरातनं बाहेर पडली ती परत घरात आली नाही. दोन वर्षं झाली. भेटायला आलेले लोक म्हणतात, आजारच तसा होता हो. आजार होताच. पण फोन माझ्या हातात होता, तीन आकडे दाबले की ॲम्ब्युलन्स येते हे मला माहीत होतं, आणि मी ते दाबले नाहीत. हेही खरं आहे. मी चौथी शिकलेला माणूस. मला वळसे घालून लिहिता येत नाही. जसं झालं तसं लिहितो.

कर्वेनगरच्या मागच्या अंगाला आमची बिल्डिंग आहे. त्या जागी आधी आमची ज्वारी व्हायची. भावाभावांनी मिळून जमीन बिल्डरला दिली, तेव्हा त्यानं प्रत्येकाला फ्लॅट दिला आणि मला खाली एक गाळा, गिरणी टाकायला. कुठला मजला पाहिजे म्हणून विचारलं. मी तळमजला म्हणणार होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "वरचा द्या. गच्चीला लागून." तिला उन्हाळ्यात कुरडया घालायच्या होत्या. ओल्या चिकाचं पातेलं घेऊन कुणाच्या दारावरनं जायला नको, असा तिचा हिशोब. बिल्डर म्हणाला, "लिफ्ट नाही बरं का मावशी." तर म्हणते, "आमचे पाय मोडलेत काय?"

तेव्हा ती चाळिशीच्या आत होती. चोपन्न पायऱ्या. नऊ चढायच्या, वळायचं, परत नऊ. ती डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन चढायची आणि वर जाऊन मला हाक मारायची, "आलात का, का झोपलात जिन्यात?"

पन्नाशी उलटली आणि तिचा दम आखूड झाला. आधी आम्ही वय म्हटलं. मग वजन म्हटलं. मग हवा बदलली म्हटलं. डॉक्टरकडं गेलो तेव्हा ती दोन वाक्यांच्या मधे थांबत होती. डॉक्टर पोरगेला होता. त्यानं विचारलं, "विडी, तंबाखू काही?"

"माझ्या सात पिढ्यांत बाईनं विडी हातात न्हाई धरली," ती म्हणाली.

"बरं. चुलीवर स्वयंपाक केलाय?"

"मग काय सूर्यावर करणार?"

"किती वर्षं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, तीस तरी असतील, आणि वर गिरणीतलं पीठ. डॉक्टर म्हणाला, "मग तीस वर्षं विड्याच ओढल्यात म्हणा." त्या दिवसापासनं ती त्याला विडीवाला डॉक्टर म्हणायची. पण धुराचं त्यानं बरोबर ओळखलं होतं, आणि वर पीठ होतंच. मी दळायचो, ती चाळून द्यायची. संध्याकाळी दोघांच्या भुवया पांढऱ्या. मला काही झालं नाही. तिला झालं.

डॉक्टरनं निळा पंप दिला. दम लागला की तोंडात धरून दाबायचा. तिला कुणी तरी सांगितलं की पंपाची सवय लागते, मग फुफ्फुस आपण होऊन काही काम करत नाही. तिनं ते धरून ठेवलं. अगदीच घुसमटली की न्हाणीघरात जायची, नळ सोडायची, म्हणजे पंपाचा फुसफुस आवाज शेजारी जाऊ नये, आणि मग घ्यायची. मी बाहेर उभा. नळ बंद झाला की समजायचं, घेतला.

जिन्याचंही तिनं असंच करून ठेवलं होतं. भाजी आणायला गेली की मेथीची जुडी घेतल्याशिवाय यायची नाही, मेथी खायची असो नसो. दुसऱ्या मजल्यावर आली की पायरीवर बसायची आणि मेथी निवडायला घ्यायची. कुणी आलं गेलं तर मान वर करून नुसती हसायची, कारण बोलायला दमच नसायचा. अर्ध्या तासानं उठून उरलेल्या अठरा पायऱ्या. सगळ्या बिल्डिंगला वाटायचं, म्हातारीला जिन्यात बसायची हौस आहे.

दुसऱ्या मजल्यावर एक रिटायर बाई राहतात. शाळेत गणित शिकवायच्या. मूळच्या शनिवार पेठेतल्या. त्यांनी एकदा दार उघडून विचारलं, "काय हो, वर घरात मेथीला बंदी आहे का?"

ही तोवर जरा सावरली होती. म्हणाली, "घरात तुमी कुठं असता बोलायला?"

बाईंनी दार लावलं आणि थोड्या वेळानं बसायला वेताचा मोडा आणून जिन्यात ठेवला. त्यावर बसून हिनं दोन वर्षं भाज्या निवडल्या. बाईंना ठाऊक होतं की काय कोण जाणे. त्यांनी कधी विचारलं नाही, हिनं कधी सांगितलं नाही.

करोनाच्या साथीत लेकीनं बोटाला लावायचं मशीन आणून दिलं. चिमट्यासारखं असतं, बोट आत घातलं की रक्तातला ऑक्सिजन किती ते आकड्यात येतं. लेक म्हणाली, "बाबा, अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेलं की मला फोन करायचा नाही, डायरेक्ट ॲम्ब्युलन्स." मी बरं म्हणालो.

पण आम्ही काय करायचो ते सांगतो. एका बोटाला पंच्याऐंशी आलं की ती म्हणायची, "बोट गार पडलंय." मग मी ते चोळायचो. परत लावायचं. मग दुसरं बोट. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला दोन-तीन आकडे जास्त यायचे. मग आम्ही तेच धरायला लागलो. आकडा हलत असतो, वर-खाली होतो. सगळ्यात वर गेला की ती म्हणायची, "हां, आता काढा." मी काढायचो. दोघं मिळून मशीनला फसवत होतो. मशीनला काय फरक पडतो.

ॲम्ब्युलन्स तिला का नको होती, त्याला कारण होतं. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते, कचेरीत कारकून होते आधी. त्यांना छातीत कळ आली तेव्हा ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर आमच्या जिन्यात वळत नाही. मग त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, पोटावरनं बायकोची साडी आवळून बांधली आणि चौघांनी उचलून खाली नेलं. लुंगी वर गेलेली. मान एका बाजूला. सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांत. बायका तोंडाला पदर लावून. दुसऱ्या दिवशी ते गेले.

ही त्या दिवशी गॅलरीत होती. आत येऊन म्हणाली, "मला असं न्हाई न्यायचं."

"कसं?"

"चौघांनी उचलून. जित्या माणसाला. मी पन बघत होते ना, मला ठावं हाय बघनारी काय बघत्यात. मी माझ्या पायानं जाईन. बोला, बरं म्हना."

मी बरं म्हणालो. तेव्हा काय, म्हणायला काय जातंय.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपासनं तिचं बिनसलं. फटाक्यांचा धूर पार्किंगमधनं जिन्यात चढतो आणि वर आमच्या दाराशी येऊन अडतो, कारण पुढं गच्चीचं दार बंद असतं. मी दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला. तरी घरात वास. लक्ष्मीपूजनाला ती खुर्चीतच बसून होती, पूजा मी केली, आणि ती तिथनं चुका काढत होती. झोप आडवं होऊन येत नव्हती. मांडीवर दोन उशा, त्यावर कोपरं, आणि मान खाली. तसं बसलं की श्वास जरा मिळतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ या दवाखान्यात."

"सण... झाल्यावर... जाऊ."

आमच्यात हे असंच आहे. सणाच्या दिवशी दवाखान्याची पायरी चढायची नाही, म्हणजे वर्षभर चढावी लागते. माझी आई हेच म्हणायची, तिची आई हेच. ताप असला तरी अंगावर काढायचा, भाऊबीज झाली की मग काय ते. आणि भाऊबीजेला आमची लेक येणार होती. तिला सख्खा भाऊ नाही, चुलतभावांना ओवाळायला दरवर्षी येते. पिंपरीला असते. हिला लेकीपुढं दवाखान्यात निजलेलं दिसायचं नव्हतं. लेक जेवून, डबा घेऊन गेली की मग.

दोन दिवसांचा तर प्रश्न, असं मलाही वाटलं. खोटं कशाला सांगू.

पाडव्याच्या सकाळी बायको नवऱ्याला तेल लावते आणि ओवाळते. मी म्हणालो, यंदा राहू दे. तिनं नुसती मान हलवली आणि तेलाच्या वाटीकडं बोट केलं. मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो. तिनं माझ्या पाठीला तेल लावलं. तीन बोटं टेकवली न टेकवली. मला तिचा श्वास मानेवर ऐकू येत होता, शिट्टीसारखा. मी पुढं बघत बसलो. मागं वळून बघितलं असतं तर मला फोन करावा लागला असता, म्हणून वळलो नाही. हे मला त्या वेळीही कळत होतं.

अंघोळ करून आलो तर तिनं तबक तयार केलेलं. बसूनच ओवाळलं. तबक हलत होतं. निरांजन विझेल म्हणून मी खालनं हात धरला. मग मशीन लावलं. एकोणऐंशी. दुसऱ्या बोटाला एक्क्याऐंशी. तेलाचाच हात होता, तिचं मधलं बोट चांगलं चोळलं. चौऱ्याऐंशी.

"हां," ती म्हणाली.

तेवढ्यात लेकीचा फोन.

"बाबा, आई कुठाय? द्या तिला."

हिनं हात हलवून नको म्हटलं. बोललीच असती तर लेकीला कळलं असतं.

"अंघोळीला गेलीय," मी म्हणालो.

"ऑक्सिजन बघितला का आज?"

"बघितला की."

"किती?"

"नव्वद."

"मग ठीकाय. उद्या दहापर्यंत येते. तिला म्हणावं काही करू नको, मी अनारसे घेऊन येतेय."

सहा आकडे मी तोंडानं वाढवले. फोन ठेवला तेव्हा बायको हसली. मला शाबासकी दिल्यासारखी.

अकराच्या सुमाराला तिचे ओठ जांभळे पडले. पंप दाबला तर फवारा आत जाईना, तोंडातनं बाहेर येत होता. घामानं पोलकं ओलं. मी फोन उचलला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. जोर काही नव्हता त्या हातात, माशी बसावी तेवढाच. पण मी थांबलो. पन्नास वर्षं त्या हातानं थांब म्हटलं की थांबायची सवय.

"रिक्षा," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "पायानं."

म्हणजे ती दवाखान्यात यायला कबूल झाली. मला तेवढ्यानं आनंद झाला. मी मूर्ख. तिला साडी बदलायची होती, ती नेसवली. सणाची साडी, निऱ्या मला जमेनात, तिनं डोळ्यांनी दाखवलं तिथं खोचल्या. मग तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही खाली निघालो.

उतरायला दम लागत नाही असं मला वाटत होतं.

पहिल्या नऊ पायऱ्या उतरलो. वळणावर ती थांबली, भिंतीला टेकली. खाली पोरं लवंगी माळ लावत होती, धूर सरळ वर येत होता. मी म्हणालो, "परत वर जाऊ." तिनं मान हलवली. पुढच्या नऊ पायऱ्यांना किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. प्रत्येक पायरीवर ती दोन्ही पाय टेकवून उभी राहायची. दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि ती खाली बसली. बसली म्हणजे माझ्या हातातनं गळाली.

बाईंनी दार उघडलं. एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"कुठं निघालात?"

"दवाखान्यात. रिक्षा बघतो."

"रिक्षात ऑक्सिजन ठेवायला लागलेत का हल्ली?"

"ती नको म्हणते ॲम्ब्युलन्स."

"तिला नको म्हणायला तरी श्वास आहे का? तुम्हाला डोळे आहेत की नाही?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि फोनवर पत्ता सांगायला लागल्या, एकेक शब्द वेगळा करून, वर्गात सांगितल्यासारखा. मग बाहेर येऊन कठड्यावरनं खाली ओरडल्या, "अरे ए! बंद करा तो दारूगोळा! माणूस गुदमरतंय इथं!"

बायको माझ्याकडं बघत होती. रागानं. मी काहीच केलं नव्हतं, तरी माझ्याकडंच.

ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत आली असेल. एक माणूस धावत वर आला, त्याच्यामागं दुसरा सिलिंडर घेऊन. पहिल्यानं विचारलं, "पेशंट कितव्या मजल्यावरचं?"

"तिसऱ्या."

"मग इथं कशी आली? चालवलं हिला?"

मी हो म्हणून मान हलवली.

"अहो काका, फोन केला असता तर आम्ही वर आलो नसतो का? ह्या आजारात एक पायरीसुद्धा चालवायचं नसतं."

हे मला माहीत नव्हतं. लिहितोय ते ह्याच्यासाठी पण. उतरायलाही दम लागतो.

त्यांनी तिला मास्क लावला आणि बाईंच्या घरातली लाकडी खुर्ची आणून तिच्यात बसवलं. तिनं एकदा खुर्चीचा हात धरून ठेवला, नको म्हणून. मग सोडला. दोघं ते आणि खालची दोन पोरं, मघाशी माळ लावणारी, अशा चौघांनी तिला उचललं. मी मागनं. गॅलऱ्यांत माणसं होती, पदर लावलेल्या बायका होत्या, सगळं तिनं सांगितलं तसंच होतं. तिनं डोळे मिटून घेतले होते. साडी मात्र नीट होती, मी बघत होतो.

गाडीत ऑक्सिजन मोठा केला आणि पाच-सात मिनिटांत तिच्या ओठांचा रंग बदलला. जांभळ्याचे पांढरे, मग जरा लाल. खांदे खाली आले. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं डोकं मागं टेकलं. मास्क थोडा वर करून मला म्हणाली, एका दमात म्हणाली, "एवढंच होतं व्हय?"

त्या माणसानं मास्क परत नीट लावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "कधीपासून असं होतंय?"

"सकाळपासनं," मी म्हणालो.

बायकोनं चादरीतनं हात बाहेर काढला आणि तीन बोटं दाखवली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. कागदावर लिहिलं.

संध्याकाळी परत दम चढला. ऑक्सिजन चालू असून चढला. डॉक्टरीण म्हणाली, तीन दिवस श्वास ओढून ओढून छातीच थकली आहे, मोठ्या मशीनवर घ्यावं लागेल. घेतलं. लेक धावत आली होती. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. अंघोळीला गेली नव्हती. नव्वद नव्हतं, चौऱ्याऐंशी होतं, आणि तेही चोळून. म्हटलं, दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापेक्षा.

ती पिशवीच्या बंदाशी खेळत बसली. मग म्हणाली, "तुम्ही नव्वद म्हणालात म्हणून मी अनारसे तळत बसले, बाबा."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

भाऊबीजेचा दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळेला, बायको गेली. वर नेणार कशी, म्हणून पार्किंगमध्येच तासभर ठेवलं आणि तिथनंच नेलं. चुलतभाऊ सगळे होते. माझ्या एका भावानं रडत रडत म्हटलं, "सण तरी पार पाडला वहिनीनं." मला त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही, कारण तीन दिवसांपूर्वी मीही तेच म्हणत होतो.

लेक येते. जेवायला करून ठेवते. बोलते, पण माझं बोलणं ऐकताना थांबते, खरं आहे का ते बघते. मला ते दिसतं. चालायचं.

गेल्या वैशाखातली गोष्ट. अक्षय्य तृतीया होती. बाजूच्या बिल्डिंगमधले एक जण आमच्या पार्किंगच्या बाकावर पेपर वाचायला येतात. बँकेत होते, माझ्याच वयाचे, पेठी बोलणं. त्या सकाळी पेपर मांडीवर घडी घातलेलाच होता आणि दोन्ही हात गुडघ्यांवर. खांदे वर-खाली. मला ते बसणं ओळखू आलं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही. ऊन."

बाक सावलीत होता.

"घरच्यांना बोलावू?"

"नको हो. आज... आमरस आहे. पाहुणे... यायचेत. संध्याकाळी... बघू."

मी खिशातनं फोन काढला. त्यांनी हात पुढं केला, नको म्हणून. मी तीन पावलं लांब गेलो, जिथं त्यांचा हात पोचणार नाही, आणि तिथनं आकडे दाबले. पत्ता बाईंसारखाच सांगितला, एकेक शब्द वेगळा.

सायरन ऐकून त्यांचा मुलगा खाली आला. अंगात झब्बा, हाताला आंब्याचा वास. "कुणी बोलावली? कुणाला विचारून बोलावलीत?"

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

"सणाच्या दिवशी दारात हे... आम्ही मेलो होतो का? तुमचा काय संबंध?"

"काही नाही."

त्यांना घेऊन गेले. मुलगा जाता जाता माझ्याकडं असं बघत होता, जसं मीच त्यांना आजारी पाडलं. सहा दिवसांनी ते परत आले. घरात आता सिलिंडर आहे म्हणतात, मला कुणी सांगितलं नाही, बाईंकडनं कळलं. ते सकाळी बाकावर येऊन बसतात. मी आलो की पेपर उचलून दुसऱ्या टोकाला तोंड करतात. माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलायला जात नाही. गाळ्याच्या पायरीवर बसून त्यांच्या पाठीकडं बघतो. सदरा पातळ असतो. पाठ फुगते, खाली जाते, परत फुगते.